गुडघे, कंबर आणि ‘वात’ : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टरांनी ‘वात आहे’ म्हटलं. म्हणजे नेमकं काय झालंय?

नुसत्या ‘वात’ या शब्दावरून काहीच कळत नाही. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत या एका शब्दात किमान चार वेगळे आजार कोंबलेले असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. झिजेचा वात म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. यात सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते आणि हाडाच्या कडा वाढतात. सुजेचा वात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि त्याची भावंडं. इथे आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. तिसरा युरिक अ‍ॅसिडचा, म्हणजे गाऊट. चौथा तापाच्या मागून येणारा, चिकुनगुन्यासारखा. स्नायू, कंडरा आणि कंबर यांची साधी दुखणी या चारांत बसत नाहीत, पण संख्येने तीच पुष्कळ असतात. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघर पाहणी सुरू केली. तिच्यातही हेच दिसलं: दुखतंय म्हणणारे भरपूर, पण खरा ऱ्हुमॅटॉइड साधारण २०० प्रौढांत एखाद्याला.

एक फरक पक्का लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत. झिजेत घाई नसते, आणि गोळीपेक्षा व्यायाम जास्त काम करतो. सुजेच्या वातात नेमकं उलट. तिथे औषध लांबवलं की सांधा वाकडा होतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही.

हा फरक घरी ओळखता येतो का?

अंदाज बांधता येतो. सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. झिजेत पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास. सुजेच्या वातात तासभर मूठ वळत नाही, चहाचा कप धरवत नाही, आणि कामाला लागल्यावर बरं वाटतं. झिजेचं दुखणं कामाने वाढतं आणि बसलं की कमी होतं.

मग कुठे दुखतंय ते बघा. बोटांची मुळं, मनगटं, पावलांचे चवडे, तेही दोन्ही बाजूंना, असं असेल तर ऱ्हुमॅटॉइडचा संशय घ्यावा. कोणी हात मिळवताना चारही बोटांची मुळं एकत्र दाबली आणि कळ आली, तर संशय आणखी पक्का. बोटांच्या टोकाजवळच्या पेरांवर टणक गाठी असतील तर बहुधा झीज. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी एका रात्रीत लालभडक सूज आली आणि चादर लागली तरी सहन होत नाही, तर गाऊट.

सूज सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर हाडांच्या डॉक्टरांऐवजी संधिवाततज्ज्ञ गाठा, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. जिल्ह्यात मिळाला नाही तर सावंतवाडीकडची मंडळी गोव्यात बांबोळीला जातात, राजापूर-लांज्याकडची कोल्हापूरला, रायगडची मुंबईला. ही एक खेप वाचवू नका. औषध पहिल्या तीन महिन्यांत सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला. आता?

एकट्या त्या कागदावर औषध सुरू करू नका. आरए फॅक्टर म्हणजे ऱ्हुमॅटॉइडसाठी रक्तात शोधला जाणारा घटक; धडधाकट माणसांतही, विशेषतः उतारवयात, तो सापडतो. उलट ऱ्हुमॅटॉइड असलेल्या पाचांतल्या एखाद्यात तो निगेटिव्हच राहतो. अँटी-सीसीपी ही चाचणी जास्त नेमकी आहे. ईएसआर आणि सीआरपी फक्त शरीरात कुठेतरी दाह आहे एवढं सांगतात. दात सुजला तरी सीआरपी चढतो. निदान होतं ते सुजलेले सांधे हाताने तपासून आणि मोजून. सांध्याला हात न लावता कोणी सात-आठ हजारांची ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ लिहून दिली, तर आधी तपासायला सांगा.

पावसाळ्यात सांधे जास्त दुखतात, हे खरं की मनाचा खेळ?

थोडं खरं आहे, पण वाटतं तेवढं नाही. ब्रिटनमध्ये २,६५८ लोकांनी पंधरा महिने मोबाइलवर रोजच्या दुखण्याची नोंद केली आणि ती त्यांच्या गावच्या हवामानाशी ताडून पाहिली गेली. २०१९ साली आलेला निष्कर्ष असा: दमट, वाऱ्याच्या आणि हवेचा दाब कमी असलेल्या दिवशी दुखणं किंचित वाढतं. एरवी शंभरात पाच दिवस वाईट जात असतील, तर अशा हवेत सहा. अमेरिकेत मात्र वृद्धांच्या एक कोटीहून जास्त दवाखाना-भेटी तपासल्या, तेव्हा पावसाचा आणि सांधेदुखीच्या तक्रारीचा संबंध सापडला नाही (२०१७).

कोकणात आणखी एक गोष्ट मधे येते. चिखलणी, तरवा (भाताची रोपं) काढणं, लावणी हे वर्षातलं सर्वांत वाकून करायचं काम त्याच जून-जुलैत असतं. ज्यांचं शेत नाही त्यांचं चालणं पावसाने बंद पडतं आणि मांडीचे स्नायू महिनाभरात ढिले होतात. तेव्हा दोष एकट्या ढगांवर टाकू नका. पडवीत फेऱ्या मारा, पण चालणं थांबवू नका.

लावणीच्या दिवसांत कंबर मोडते. काय करता येईल?

तासनतास एकाच कोनात वाकून राहणं कंबरेला बाधतं; वाकणं स्वतः वाईट नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उभं राहून हात कंबरेवर ठेवा आणि पाच वेळा मागे वाका. तरव्याच्या जुड्या खाचरात हाताजवळ टाकून घ्या, म्हणजे दर वेळी अंग पिळून मागे वळावं लागत नाही. ओल्या तरव्याचा भारा एकट्याने डोक्यावर चढवू नका. उसण भरते ती बहुतेक वेळा तिथेच, वाकलेलं अंग भारासकट फिरवताना.

नेरळमध्ये विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत. गादीवाफ्यावर थेट दाणे टोकतात. ही पद्धत खर्च वाचवण्यासाठी आणि जमिनीसाठी आहे, पण कंबरेच्या हिशोबानेही तिचा विचार करायला हरकत नाही.

उसण भरली तर किती दिवस झोपून राहायचं?

जमलं तर एकही दिवस नाही. १९९५ साली हेलसिंकीतल्या पालिका कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला. दोन दिवस सक्तीने झोपवलेले, व्यायाम दिलेले आणि ‘झेपेल तशी रोजची कामं करा’ सांगितलेले असे तीन गट होते. लवकर बरा झाला तो तिसरा. ऑस्ट्रेलियात २०१४ साली १,६५२ जणांवर पॅरासिटामॉलची परीक्षा झाली. खरी गोळी घेणारे आणि खोटी गोळी घेणारे, दोन्ही गट साधारण सोळा-सतरा दिवसांतच बरे झाले. म्हणजे बरं करतो तो काळ. शेकाने तोपर्यंत आराम मिळतो.

काही खुणा दिसल्या मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा: लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, तापासोबत पाठदुखी, पडल्यानंतरची पाठदुखी (विशेषतः साठीपुढे).

एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ लिहिलंय. ऑपरेशन लागेल?

बहुतेकांना नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ साली एक आढावा आला. त्यात विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत गादीची झीज दिसली. गादी फुगलेली होती ती विशीत ३० टक्क्यांत, ऐंशीत ८४ टक्क्यांत. डोक्यावरचे पिकलेले केस जसे, तसंच हे. अहवालातली ओळ आणि तुमच्या पायात जाणारी कळ जुळली तरच तिला महत्त्व.

गुडघ्याचे व्यायाम नेमके कोणते, किती?

तीनच पुरे. गुडघ्याला आधार देतो तो मांडीचा पुढचा स्नायू. तो कमजोर असेल तर चालताना सगळा दणका कूर्चेवर बसतो.

पहिला: भिंतीला टेकून पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच ते दहा सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा.

दुसरा: उताणं झोपून एक गुडघा वाकवा. दुसरा पाय सरळ ठेवून जमिनीपासून वीतभर-दीड वीत उचला, पाच सेकंद धरा, सावकाश खाली आणा. दहा वेळा, मग पाय बदला. पाय उंच नेण्यात काही मिळत नाही. आणि गुडघा मधेच वाकला तर मांडीच्या स्नायूला पुरेसं काम मिळत नाही.

तिसरा आणि सर्वांत उपयोगी: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. पाचपासून सुरुवात करून दहावर न्या. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून बैठक उंच करा आणि दर आठवड्याला थोडी खाली आणा. बसताना धपकन बसू नका. सावकाश खाली येण्यातच खरा व्यायाम आहे.

हे सगळं दिवसातून दोनदा, आठवड्यातून किमान पाच दिवस. श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो.

गाडी अडते ती पहिल्या आठवड्यात. दुखणं थोडं वाढतं, मग ‘व्यायाम सोसत नाही’ म्हणून तो सुटतो. त्यासाठी एक माप ठेवा: व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ जागी आलं तर सगळं ठीक. नाही आलं तर आकडा निम्मा करा, पण व्यायाम सोडू नका. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात.

वजनाचाही हिशोब आहे. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असं २००५ साली मोजलं गेलं. पाच किलो उतरवले तर पावलागणिक वीस.

काठी कोणत्या हातात धरायची? पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) कशी चढायची?

उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेकजण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग तिचा फारसा उपयोग होत नाही. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते, तिथे काठीची मूठ यावी. खाली रबरी टोपण हवंच. शेवाळलेल्या चिऱ्यावर नुसतं लाकूड घसरतं. पाखाडी चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद करायचं का?

दुखत असताना हो, आणि फार वेळ बसणं कायमचंच कमी. बीजिंगमधल्या वृद्धांच्या अभ्यासात तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळली. मासळी साफ करणं, काजू सोलणं, विळीवर नारळ खवणं ही कामं ओट्यावर किंवा स्टुलावर आणा. शौचालयात कमोड बसवणं शक्य नसेल तर भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची स्वस्तात मिळते.

वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर काय होतं?

पोटात व्रण, रक्तदाबात वाढ, मूत्रपिंडावर ताण. रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक हे तिन्ही एकत्र असतील तर धोका फार. मे महिन्याच्या घामात पाणी कमी पडलं की त्यात भर. एकाच गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डायक्लोफेनॅकचं जेल वापरा: एक टक्क्याचं असेल तर एका गुडघ्याला चार ग्रॅम, दिवसातून चार वेळांपर्यंत. ३० ग्रॅमची ट्यूब असेल तर ती सात-आठ वेळांतच संपायला हवी. करंगळीच्या नखाएवढं लावून ‘जेलचा उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ. गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन गोळ्यांत औषध एकच असू शकतं.

जाता जाता: याच डायक्लोफेनॅकने गिधाडं संपवली. औषध दिलेलं जनावर मेलं की ते खाणाऱ्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांचं इंजेक्शन २०१५ पासून फक्त ३ मिलीच्या कुपीत मिळतं, तेही मोठ्या कुप्या गोठ्यात जात होत्या म्हणून.

ग्लुकोसामाइनने कूर्चा परत येते का?

नाही. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (२००६) ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन खोट्या गोळीपेक्षा एकंदरीत सरस ठरले नाहीत. त्यातलं शिकण्यासारखं हे, की नुसती खोटी गोळी घेणाऱ्या ६० टक्के लोकांनाही गुण आला होता. शेजाऱ्याला ‘फरक पडला’ एवढ्यावर महिन्याला हजार रुपये घालवायचे की नाही, ते यावरून ठरवा.

गुडघ्यात इंजेक्शन किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन?

सूज भरलेल्या गुडघ्याला स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देऊन पाहिलं (२०१७), तेव्हा मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा दुखणं कमी झालं नाही आणि कूर्चा मात्र जास्त झिजली. दुर्बिणीने ‘साफसफाई’ करण्याची तर ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर परीक्षा झाली (२००२). काहींना फक्त कातडीला चिरे दिले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षांनी सगळे सारखेच. सांधा बदलण्याचं ऑपरेशन वेगळं, ते खरोखर उपयोगी आहे. व्यायाम, वजन आणि औषध करूनही रात्री झोप लागत नसेल किंवा घरातल्या घरात चालणं थांबलं असेल, तेव्हा ते करावं. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा घातली आहे; बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा.

वाताची पुडी घेतली आणि तीन दिवसांत पळायला लागले. मग वाईट काय?

तीन दिवसांत पळायला लावणं हीच शंकेची खूण. नाव-घटक नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक कुटून घातल्याचं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. चेहरा गोल होणं, भूक सुटणं, किरकोळ धक्क्याने काळे-निळे डाग, साखर अचानक वाढणं आणि एक दिवस पुडी चुकली की दुप्पट दुखणं, हे दिसलं तर तेच समजा. महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, आणि एकदम तोडल्यास रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू उतरवतील.

याचा आयुर्वेदाशी संबंध जोडू नका. प्रमाणित आयुर्वेदिक औषधांची गुडघ्याच्या झिजेवर नीट चाचणी झालेली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात ४४० रुग्ण होते आणि चोवीस आठवड्यांत ती औषधं सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या तोडीची ठरली. काहींमध्ये यकृताचं एन्झाइम वाढलेलंही त्याच अभ्यासाने नोंदवलं. औषध कोणत्याही शास्त्राचं असो, त्याची अशी तपासणी व्हावी.

मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध ना? घ्यावं का?

कॅन्सरला ते फार मोठ्या मात्रेत देतात. ऱ्हुमॅटॉइडला आठवड्यातून एकदाच ७.५ ते २५ मिलिग्रॅम, आणि आजही पहिलं औषध तेच आहे. माणसं दगावतात ती चुकून रोज घेतल्याने. ठरलेला वार लाल शाईने पाकिटावर लिहा, रोजच्या गोळ्यांच्या डबीत ते ठेवू नका. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही अनेकदा तशीच लहान आणि पिवळी असते. दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवा. फॉलिक अ‍ॅसिड मेथोट्रेक्सेटच्या दिवशी टाळून दुसऱ्या दिवशी घेण्याची पद्धत आहे, म्हणजे अदलाबदल होत नाही.

रक्त, यकृत आणि क्रिएटिनिनची तपासणी पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, नंतर दर तीन महिन्यांनी. तोंड आलं, ताप आला, अंगावर डाग उठले तर पुढची मात्रा थांबवून लगेच दाखवा. कोट्रायमॉक्साझोल हे साधं अँटिबायोटिक यासोबत जीवघेणं ठरू शकतं. दुसऱ्या कशासाठी डॉक्टरकडे गेलात तरी ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे’ हे आधी सांगा. दारू बंद. गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर काही महिने आधी बोला.

युरिक अ‍ॅसिड वाढलंय. मासे सोडायचे?

सगळे नाही. तारली, बांगडा, कोलंबी, तिसऱ्या आणि सुकट-जवळा कमी करा. सुक्या मासळीत पाणी उडालेलं असल्याने मूठभरातच खूप जातं. कुळथाची पिठी आणि डाळी मात्र विनाकारण बंद करतात. ४७,१५० पुरुषांना बारा वर्षं तपासलेल्या अभ्यासात (२००४) मांस आणि समुद्री अन्नाने गाऊट वाढला, डाळी-भाज्यांनी नाही, आणि दुधाने उलट कमी झाला. बिअर सर्वांत वाईट. साखर घातलेली सरबतंही आवरा, सोलकढी प्या.

नुसत्या पथ्याने आकडा फारसा उतरत नाही. झटके वारंवार येत असतील तर अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून सुरू करून ६ च्या खाली येईपर्यंत वाढवतात. पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, म्हणून सोबत कॉल्चिसिन देतात. तेव्हा घाबरून औषध सोडू नका. अंगावर पुरळ आलं तर मात्र त्याच दिवशी बंद. ऐन झटक्यात केलेली चाचणी नॉर्मल येऊ शकते, दोन आठवड्यांनी पुन्हा करा. झटका कधीच आला नसेल आणि फक्त कागदावर ७.५ असेल, तर बहुधा औषधाची गरज नाही.

ताप आणि अंगदुखी एकदम आली तर?

पावसाळ्यात हे सांधेदुखीचं प्रकरण समजू नका. शेतात अनवाणी काम झालंय, पोटऱ्या दाबल्या की कळ येते, डोळे लाल आहेत, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तोवर फक्त पॅरासिटामॉल. लेप्टो मूत्रपिंड धरतो, डेंगीत रक्तस्रावाची भीती असते. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दोन्हींत घातक ठरू शकतं. एकच सांधा गरम, सुजलेला आणि ताप, हे सांध्यात पू झाल्याचं लक्षण असू शकतं. तिथे उशीर तासांत मोजतात.

चिकुनगुन्याची सांधेदुखी काही आठवडे चालते, काहींची महिनोन्‌महिने. तीन महिन्यांपुढे सूज राहिली तर संधिवाततज्ज्ञ.

व्हिटॅमिन डीची पावडर किती दिवस?

साठ हजार युनिटांची पुडी आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे. नंतर डॉक्टर सांगतील तशी महिन्याला. वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेणारे, किंवा ‘आठवड्याला’ ऐवजी रोज घेणारे, रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, अति तहान आणि मूत्रपिंडाच्या त्रासाने दाखल होतात.

हाडं कटकट वाजतात. झीज होतेय का?

दुखत आणि सुजत नसेल तर नाही. डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरने साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. दोन्ही हात सारखेच राहिले, आणि २००९ साली त्याला गमतीचं इग नोबेल मिळालं.

एका रुग्णालयाने नव्या औषधाच्या अभ्यासात नाव घालायला सांगितलं. घालावं का?

हरकत नाही, पण कागद बघून. आधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. जून २००९ पासून अशा चाचण्यांची तिथे नोंद बंधनकारक आहे आणि ती कोणालाही फुकट वाचता येते. संमतीपत्रक मराठीत मागा, घरी न्या, दोन दिवस घ्या. त्यात नैतिक समितीचा फोन असतो, तो लागतो का ते लावून बघा. खोटी गोळी मिळण्याची शक्यता किती, मेथोट्रेक्सेट चालू ठेवणार की बंद करणार, आणि अभ्यास संपल्यावर औषध मिळेल की नाही, हे तीन प्रश्न विचाराच. २०१९ च्या नियमांनुसार अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही मिळते. मधेच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. भाग घेण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले, तर सही करू नका.